रफू केलेला चेहरा

कराडच्या तारळेकर साडी सेंटरमध्ये उजेडाला एका मर्यादेपुढे प्रवेश नव्हता. पुढे गादीवर, जिथे गिऱ्हाईक बसतं, तिथे डोळे दिपतील असा झगमगाट. मागे गोदामाकडे जाणाऱ्या बोळात मात्र, जिथे पैठण्यांचं कपाट होतं, एकच पिवळा दिवा मिणमिणायचा. रेशमाला उजेड बाधतो, रंग उडतो, असं शशिकांत तारळेकरचे वडील सांगायचे. वडील गेले, आणि शशिकांतनं दुकानाबरोबर तो अंधारही वारशानं आल्यासारखा जपला.

त्या अंधारावर सरकारची नजर जाईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण दुकानांच्या कॅमेऱ्यांचे नवे नियम आले. जुने नियम कॅमेरा लावा म्हणायचे आणि गप्प बसायचे. नवे नियम फार चौकस होते. दुकानात जिथे जिथे माणसाचा वावर आहे, तिथे तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा 'ओळखण्याजोगा' टिपला गेला पाहिजे, टिपलेलं सीलबंद राहिलं पाहिजे, आणि चोरी झाली तर दुसऱ्या दिवसाच्या आत ते चित्रण सरकारी यंत्रणेकडे गेलं पाहिजे. नाही गेलं तर दुकानदारच दोषी.

तपासणीला व्यापार-सुरक्षा कार्यालयाचे निरीक्षक भोईटे आले. माणूस सज्जन, पण कामाला पक्का. ते स्वतः बोळातून चालत गेले, परत येऊन पडद्यावर स्वतःलाच बघितलं, आणि पडद्यावर दिसला तो एक करडा गोळा.

"हा मी?" त्यांनी विचारलं. "माझी आई पण मला ओळखायची नाही."

महिन्याची मुदत देऊन ते गेले. बोळात लख्ख दिवे लावा, नाहीतर परवाना विसरा, असा त्याचा अर्थ. शशिकांतनं रात्रभर कूस बदलली आणि सकाळी कॅमेरा कंपनीला फोन लावला.

कंपनीनं ऋचा नावाची इंजिनिअर पाठवली. तिनं बोळ पाहिला, कपाट पाहिलं, दिवे वाढवायचे नाहीत हा हट्ट ऐकून घेतला, आणि म्हणाली, उपाय आहे. मग तिनं समजावून सांगितलं. कॅमेरा चेहरा बघत नाही, तो फक्त उजेड मोजतो. चित्र म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनात किती उजेड पडला तेवढंच त्याला कळतं. या बोळात माणसाचा अख्खा चेहरा जेमतेम मूठभर चौकोनांत बसतो, आणि तेही अर्धे काळे. एवढ्याशा खुणांवरून डाग तयार होतो, चेहरा नाही. आता यंत्र उलटा विचार करतं. कोणता चेहरा या अंधारात उभा राहिला तर असाच डाग पडेल? उत्तरं लाखो निघतात. त्यातलं जे सगळ्यात संभवनीय, ते यंत्र निवडतं आणि डागाच्या जागी भरतं.

"म्हणजे अंदाजपंचे," शशिकांत म्हणाला.

ऋचा हसली. मग तिची नजर खिडकीशी बसलेल्या मालनताईंकडे गेली. मालन लोहार गेली वीसेक वर्षं या दुकानात होती. गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडायची, आणि मधल्या वेळात रफू करायची. आत्ताही मांडीवर उदबत्तीनं जळालेली एक पैठणी होती, आणि ती त्याच साडीच्या आतल्या टोकाचे धागे ओढून भोक बुजवत होती. बाहेरचा धागा लावला की रंग दगा देतो, म्हणून साडीचाच धागा साडीला.

"तेच करायचं," ऋचा म्हणाली. भरायला धागा कुठून घ्यायचा हे ठरवता येतं. राज्यभरातल्या चेहऱ्यांतून घेतला, तर कुणाचाच नसलेला, सरासरी चेहरा तयार होतो, आणि तपासणीचं यंत्र तो नापास करतं. पण याच दुकानात, पुढच्या झगझगीत उजेडात, जे चेहरे रोज दिसतात त्यांच्यातून घेतला तर चित्र स्वच्छ येतं. जो जास्त वेळा दिसतो, त्याचा धागा जास्त.

तिनं मालनताईंना बोळातून एक फेरी मारायला लावली. पडद्यावर मालन अशी आली की नाकातली चमकीसुद्धा दिसत होती. मालननं लाजून पदर सारखा केला आणि फोटो काढून द्याल का, असं विचारलं. सगळे हसले.

पडद्यावर दोन पर्याय होते, 'सर्वसाधारण' आणि 'ओळखीचे'. शशिकांतनं क्षणाचाही विचार न करता ओळखीचे निवडलं. धंदाच मुळी ओळखीवर चालतो, हे त्यानं ऋचाला ऐकवलं, आणि ते खोटं नव्हतं. ओळखीच्या बायका चार-चार पैठण्या पसंतीला घरी घेऊन जायच्या, सासूला, नणंदेला दाखवायच्या, एक ठेवून तीन परत आणायच्या. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तारळेकरांकडे नुसती मान हलवली की साडी दाराबाहेर पडायची.

ऋचानं जाताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, असा भरलेला चेहरा चालतो की नाही यावर नियम सध्या गप्प आहेत, पण 'चित्रण जसे घडले तसेच आहे' अशा घोषणेवर सही तुमची असेल. दुसरी, बोळाच्या चित्रात खालच्या कोपऱ्यात एक आकडा येईल, यंत्राला किती खात्री आहे त्याचा. तो बघत जा.

शशिकांतनं सही केली. आकडा बघायचं त्याच्या डोक्यातून गेलं ते गेलंच.

फेरतपासणी नुसत्या यंत्रानं केली, ती पास झाली, प्रमाणपत्र देवाच्या तसबिरीशेजारी लागलं. मध्येच एक दिवस त्या प्रमाणपत्राच्या कसल्याशा शेवटच्या कागदासाठी तो ऋचाशी फोनवर हुज्जत घालत होता. त्याच आठवड्यात त्याची बायको वृंदा लेकीच्या, केतकीच्या, बाळंतपणासाठी बेळगावला गेली. वृंदा कॉलेजात ग्रंथपाल. दुकानात यायची ती सणासुदीला, आणि तीही मागच्या दारानं.

आणि मग आठवड्याच्या मोजणीत एक पैठणी कमी भरली. जांभळी, पदरावर मोर, वर्षभर मागावर विणलेली. महागड्या साड्यांना नियमानं चिप लावलेली असायची, त्यामुळे कमी भरल्याची वर्दी यंत्रानं शशिकांतला द्यायच्या आधीच वर पोचवली. दुसऱ्या दिवसाच्या आत एक तर साडी सापडली म्हणा, नाहीतर चित्रण पाठवा.

त्यानं कपाट उपसलं, गोदाम उपसलं. शेवटी बोळाचं चित्रण लावलं. भर दुपारी एक बाई बोळात येते, कपाट उघडते, जांभळी घडी काढून पिशवीत घालते आणि मागच्या दारानं निघून जाते. चेहरा स्वच्छ होता. नाकात चमकी होती.

शशिकांतनं चित्र तिथेच थांबवलं. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या पोटात एक राग होता, एवढा विश्वास टाकला आणि हिनं हे केलं असला, आणि तो राग त्याला आवडला होता. हे त्याला पुढे आठवायचं तेव्हा स्वतःचीच लाज वाटायची.

त्यानं मालनताईंना आत बोलावलं, वार-वेळ सांगून साडीचं विचारलं. ती म्हणाली, त्या दुपारी बोळात गेलेच न्हाई, खिडकीशी रफूला बसले होते. त्यानं पडदा तिच्याकडे फिरवला. मालननं ते चित्र पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"दिसतीय तर मीच," ती हळू म्हणाली. "पण मी न्हाई, शेठ."

बिचारी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की स्वतःवर या पेचात पडली होती. शशिकांतनं मात्र तिच्या वाक्याचा पहिला अर्धा भागच ऐकला. पुढच्या कॅमेऱ्यात ती त्या वेळी खिडकीशी दिसते का, हेही त्यानं बघितलं नाही. तो फार मोठ्या मनानं वागला, असं त्याला तेव्हा वाटलं. पोलिसांत जात नाही म्हणाला, महिन्याचा पगार हातावर ठेवला, आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला. ती सुई-दोऱ्याचा डबा विसरून गेली.

संध्याकाळी त्यानं चित्रण वर पाठवलं. पडद्यावर प्रश्न आला: 'चित्रातील व्यक्ती आपल्या ओळखीची आहे का?' त्यानं 'हो' दाबलं आणि नाव लिहिलं. नियमच तसा आहे, त्याला मी काय करणार, असं स्वतःशी म्हणत तो घरी गेला. बेळगावला फोन झाला तेव्हा मात्र त्यानं हा विषय काढला नाही. वृंदाचं मालनवर प्रेम होतं, आणि बाळंतिणीच्या घरात असली बातमी कशाला.

पाठवलेल्या चित्रणाचं पुढे काय होतं, हे त्यानं कधी वाचलं नव्हतं. ते त्याला औषधांच्या दुकानासमोर कळलं.

गावातली सगळी दुकानं आता एकमेकांना सावध करायची. एका दुकानात चोरी केलेला चेहरा दुसऱ्या दुकानाच्या दारात आला, की कॅमेरा ओळखायचा आणि बारीक घंटी वाजायची. कुणी अडवत नसे, नियमात अडवणं नव्हतं. फक्त घंटी वाजायची, आणि दुकानातली सगळी माणसं मान वळवून बघायची.

शशिकांत रस्त्याच्या पलीकडे रसवंतीशी उभा होता. मालन औषधांच्या दुकानाच्या पायरीखाली थांबली होती. आत जात नव्हती. येणाऱ्या एका बाईला तिनं काहीतरी विचारलं, चिठ्ठी आणि पैसे तिच्या हातात दिले. तिच्या नवऱ्याला साखरेचा आजार होता, इंजेक्शनं लागायची, हे शशिकांतला माहीत होतं. ती बाई आतून औषध घेऊन आली. मालननं ते घेतलं, उरलेले पैसे न मोजता मुठीत धरले आणि भिंतीच्या कडेकडेनं निघाली. शशिकांतनं रसाचा पेला तोंडाला लावून तोंड लपवलं. चोरी तिनं केली आणि तोंड मी का लपवतोय, हा प्रश्न त्याला पडला, आणि त्यानं तो तिथेच सोडून दिला.

वृंदा सव्वा महिन्यानं परत आली. नातवाचे फोटो दाखवून झाले, बेळगावचा कुंदा काढून झाला, आणि मग बॅगेच्या तळातून तिनं जांभळी पैठणी काढून पलंगावर ठेवली. केतकीच्या सासूबाईंना दाखवायला नेली होती, पण पोरीला त्याच रात्री दवाखान्यात न्यावं लागलं आणि साडी बॅगेतच राहिली, असं ती सहज सांगत होती.

शशिकांतनं पदरावरचा मोर पाहिला. ही कधी नेलीस, त्यानं विचारलं.

"तुम्हाला विचारूनच नेली की," वृंदा म्हणाली. "गोदामाच्या दारातून खूण केली, पसंतीला नेते म्हणून. तुम्ही फोनवर होता, मान हलवलीत."

फोन कुणाचा होता ते त्याला लख्ख आठवलं. प्रमाणपत्राचा. मान हलवल्याचं मात्र अजिबात आठवेना. आयुष्यभर तो इतक्या साड्यांवर मान हलवत आला होता.

त्यानं सगळं सांगितलं. वृंदा चिडली नाही, ते त्याला जास्त जड गेलं. ती म्हणाली, मला ते चित्र दाखवा. दुकान बंद होतं. दोघं जाऊन पडद्यासमोर बसली. वृंदानं स्वतःला मालनच्या चेहऱ्यानं कपाटाशी जाताना पाहिलं.

"चेहरा मालनचा आहे," ती म्हणाली. "पण कपाट कुठल्या हातानं उघडतेय बघा."

डाव्या. वृंदा डावरी होती. एका लग्नात तिनं अक्षता डाव्या हातानं टाकल्या म्हणून शशिकांतची आत्या रुसली होती. आणि मालनचा उजवा हात, सुई धरलेला, शशिकांतनं वीस वर्षं रोज पाहिला होता. यंत्रानं फक्त चेहरा भरला होता. हात, चाल, खांद्याची ठेवण, सगळं जसंच्या तसं समोर होतं. त्यानं ते पाहिलंच नव्हतं.

"तीस वर्षं संसार केला," वृंदा म्हणाली, "आणि तुमच्या दुकानात मी ओळखीची नाही." ती हसली, पण डोळे पुसत उठली.

तेव्हा शशिकांतला खालचा कोपरा दिसला. खात्री, एक्केचाळीस टक्के.

सकाळी त्यानं ऋचाला फोन केला. यंत्रानं मालनच का निवडली, हा त्याचा पहिला प्रश्न होता. ऋचा अवघडून बोलत होती. पुढच्या उजेडात सगळ्यात जास्त वेळा दिसणारा चेहरा त्यांचा, ती म्हणाली, सकाळी पहिल्या येतात, संध्याकाळी शेवटच्या जातात. अंधारातून कुणीही गेलं तरी यंत्राला आधी त्याच आठवणार. शशिकांतला कळायला वेळ लागला नाही. दुकानात दांड्या मारणारी एखादी असती तर ती वाचली असती. जिनं एक दिवस चुकवला नाही, तिच्यावरच आळ यायचा होता.

पण एक्केचाळीस टक्क्यांवर तुमच्या यंत्रणेनं बाईला चोर कसं ठरवलं, असं तो जरा आवाज चढवून म्हणाला.

"यंत्रानं शंकाच नोंदवली होती, शेठ," ऋचा म्हणाली. "ओळखीची आहे का, असं तुम्हाला विचारलं. तुम्ही हो म्हटलंत की आकडा शंभर होतो. खात्री तुमची होती."

शशिकांतनं फोन ठेवला. आतापर्यंत दोष ठेवायला त्याच्याकडे नियम होते, कंपनी होती, यंत्र होतं. आता कुणीच उरलं नाही.

घंटी लगेच बंद करायचा मार्ग एकच होता. मालकानं लिहून द्यायचं की ते चित्र जसं घडलं तसं नाही, त्यात चेहरा भरलेला आहे. पण मग घोषणेवरची सही खोटी ठरत होती. खोट्या घोषणेला दुकान सील, चौकशी, आणि परवाना राहील की जाईल ते देवाला माहीत. लग्नसराई तोंडावर होती, गोदाम मालानं भरलं होतं.

म्हणून शशिकांतनं आधी सोपा रस्ता धरला. तो मलकापूरला मालनच्या घरी गेला. साडी सापडली, चूक माझी झाली, माफ करा, असं उंबऱ्यातच म्हणाला. मालनचा नवरा आतल्या खोलीतून खोकला, बाहेर आला नाही. मालननं त्याला बसायला दिलं, पाणी दिलं. शशिकांत बोलत सुटला. उद्यापासून या, पगार वाढवतो, बुडालेला पगार देतो, गावभर मी स्वतःच्या तोंडानं सांगेन. मालन ऐकत होती.

"आन् घंटी?" तिनं विचारलं.

तो नियम समजावू लागला. सील, चौकशी, लग्नसराई. बोलता बोलता त्याचा आवाज त्यालाच किळसवाणा वाटू लागला, पण थांबता येईना. मालननं त्याला संपवू दिलं.

"यंत्राला अंधारात दिसलं न्हाई, म्हणून त्यानं माझं तोंड लावलं," ती म्हणाली. "तुम्ही तर मला उजेडात बघत व्हता, शेठ."

तिचा आवाज चढला नव्हता. पाण्याचं भांडं उचलून ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. शशिकांतनं उठून चपला घातल्या. घरी जायचं म्हणून निघाला होता, पण पाय व्यापार-सुरक्षा कार्यालयाकडे वळले, आणि त्यानं वळू दिले.

भोईटे साहेबांनी त्याचं म्हणणं ऐकून पेन खाली ठेवलं. विचार करून बोलताय ना, त्यांनी विचारलं, तुमच्याच तोंडानं तुमचं दुकान बंद करताय. साडी सापडली एवढंच कळवा, बाईचं नाव हळूहळू निघेल, वर्ष-दोन वर्षं जातील इतकंच. त्यांचा सूर मदतीचा होता. शशिकांतच्या डोळ्यांसमोर औषधांच्या दुकानाची पायरी आली.

"ती मालन लोहार नाही," तो म्हणाला. "माझी बायको आहे. चेहरा भरलेला आहे, आणि 'हो' मी म्हटलं."

दुसऱ्या दिवशी दुकानाला सील लागलं. त्याआधी माल मोजायला भोईट्यांची माणसं मोठे दिवे घेऊन आली आणि बोळात शिरली. लख्ख उजेडात पैठण्यांचं कपाट, भिंतीचे पोपडे, कोपऱ्यातली जळमटं, सगळं दिसलं. एकाही साडीचा रंग उडाला नाही. खिडकीशी मालनचा सुई-दोऱ्याचा डबा पडला होता. तो यादीत बसेना, म्हणून त्यांनी शशिकांतच्या हातात दिला.

डबा घेऊन तो बाहेर आला. मंडईत भर दुपारचं ऊन होतं. पलीकडच्या बाजूनं मालन येत होती. औषधांच्या दुकानापाशी ती सवयीनं पायरीखाली थांबली. मोबाईल काढून त्यावरचा निरोप तिनं पुन्हा एकदा वाचला, नाव कमी झाल्याचा असणार, आणि मग पायरी चढली. घंटी वाजली नाही. कुणी मान वळवली नाही. ती आत गेली, इतर गिऱ्हाइकांसारखी उभी राहिली, आणि थोड्या वेळानं औषध घेऊन बाहेर आली.

तेव्हा तिला तो दिसला. दोघांच्या मध्ये अरुंद रस्ता होता, आणि सावली कुठेच नव्हती. शशिकांतनं डबा धरलेला हात जरासा वर केला. मालननं त्याच्याकडे पाहिलं, सरळ, नीट, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसेल इतका वेळ.

आणि ओळख न दाखवता ती पुढे निघून गेली.